चिकटलेला कापूस आणि दहाची गुहागर गाडी

आज सकाळी पट्टीला हिसका दिला आणि कळ थेट मस्तकात गेली, तिथेच माझा सगळा ताठा उतरला.

मंडळी, गेल्या आठवड्यात मैत्रिणीने फोन उचलला नाही म्हणून मी कपाटाची काच फोडली. तळहात कापला. दवाखान्यात न जाता हळद भरून वर नुसता कापूस ठेवून पट्टी बांधली. आज ती दहाच्या गुहागर गाडीने भेटायला येणार होती. "परत तोडफोड केलीस तर आपलं संपलं," असं तिने काच फुटायच्या आधीच बजावलेलं. म्हणून पट्टी काढून टाकायची घाई. पण कापूस जखमेला घट्ट चिकटलेला.

शेजारच्या शमीमकाकी पूर्वी नर्स होत्या. खिडकीतून बघून म्हणाल्या, "मेल्या, नारळ सोलतोयस काय? जखम परत उघडेल. इकडे ये आधी."

त्यांच्या घरी उकळून गार केलेलं पाणी हळूहळू ओतून त्यांनी कापूस चिंब भिजवला. सुटेना, तेव्हा परत ओतलं. कॉलेजात दीड वर्षही न टिकलेला मी तिथे वीस मिनिटं एका जागी बसून राहिलो. मग कापूस कडेकडेने आपसूक सुटला. रक्ताचा थेंब नाही, खाली गुलाबी नवी कातडी. केवढं हायसं वाटलं.

"आता उघडाच ठेवतो, काकी."

"धूळ भरायचीय काय त्यात?" म्हणत त्यांनी न चिकटणारी जाळी ठेवून नवी पट्टी बांधली.

म्हणजे तिला दिसणारच. तुम्ही असता तर खिशात हात घातला असता का? मीही घातला होता, मग बाहेर काढला; दिसू दे तिला. काकींना "येतो" म्हटलं, तिच्या गाडीसाठी बाहेर पडलो आणि त्याच हाताने दार ओढून घेतलं.