ओरेनची शपथ

ओरेन आधी असा नव्हता. बायको बाळंतपणात गेली, मूलही राहिलं नाही, तेव्हापासून तो गावाची जनावरं घेऊन डोंगरावरच राहू लागला. माणसांशी बोलायची सवयच मोडली. गावात त्याच्याशी धड बोलणारा एकच होता, हेफेर. नव्या चंद्राच्या सणाला हेफेर त्याला अक्षरशः ओढून घरी न्यायचा. "खा रे, लाजतोस काय नव्या नवरीसारखा!" म्हणत भाजलेलं मटण पुढे सरकवायचा. महिन्यातलं तेवढंच एक जेवण ओरेन माणसांत बसून जेवायचा, आणि महिनाभर त्याची वाट पाहायचा.

हेफेरची गाढवी त्याच्याकडे चरायला होती. एका दुपारी वाळवंटाकडून लुटारू आले आणि तिला हाकून घेऊन गेले. ओरेनशिवाय पाहणारं कोणी नव्हतं.

गावाला तेवढंच हवं होतं. ओरेनने गाढवी विकून खाल्ली, अशी कुजबुज सुरू झाली. हेफेरच्या मेहुण्यांनी त्याचे कान भरले आणि प्रकरण वेशीत वडीलधाऱ्यांपुढे गेलं. तिथे दोन साक्षीदार लागतात. ओरेनपाशी एकही नव्हता. वडीलधाऱ्यांमधला शोबाल म्हणाला, "कुणी पाहिलं असतं, तर आम्ही इथंच मिटवलं असतं. न पाहिलेलं देवापुढं न्यायचं. चला वेदीपाशी."

वेदीपाशी याजक इम्मेर समजावून म्हणाला, "परमेश्वराचं नाव घे आणि सांग, शेजाऱ्याच्या जनावराला मी हात लावला नाही. एवढं बोललास की सुटलास. मग हेफेरला मानावंच लागेल."

हेफेर त्याच्या कानाशी लागला. "बोल ना गड्या! गाढवी गेली खड्ड्यात. तू बोल, मग मेहुण्यांची तोंडं मी बंद करतो. उद्या सण आहे, जेवायला यायचंय तुला."

ओरेनच्या बापाने अशीच एक शपथ घेतली होती, अगदी खरी, आणि त्याच साली ओरेनचे दोन्ही भाऊ तापाने गेले. खरं असलं तरी त्या नावाची शपथ घेऊ नकोस, असं आई मरेपर्यंत बजावत राहिली. आता घरात गमावायला कोणी उरलं नव्हतं, तरी भीती होतीच. वेडाच म्हणायचा!

"शपथ नको," तो कसाबसा म्हणाला. "बदल्यात माझी स्वतःची गाढवी घ्या."

"लेकरा, तुझं मन मला कळतंय," इम्मेर हळहळला. "पण तू बोलल्याशिवाय मला काही करता येत नाही."

शोबालने मान हलवली. "शपथ नाही, तर भरपाई. हाच निवाडा."

गाढवीचा दोर हातात घेताना हेफेरचे डोळे भरून आले. "तुझ्यासाठी सगळ्यांशी भांडलो रे मी. चोर नसतास, तर बोलला असतास." तो वळला आणि चालू लागला.

ओरेन एकटाच डोंगराला लागला. अर्ध्या चढावर थांबला आणि मोठ्याने म्हणाला, "परमेश्वराची शपथ, हेफेरच्या गाढवीला मी हात लावला नाही."

वीज पडली नाही, जीभ झडली नाही. काहीच झालं नाही. खाली दूर हेफेर गाढवी घेऊन गावाकडे चालला होता. ओरेनने पुन्हा तेच शब्द उच्चारले, या वेळी छाती फुटेल इतक्या जोरात. हेफेरने मागे वळून पाहिलं नाही.