आधी रंग, मग वीण

"हे मला येत नाही," असं म्हणून काकू पेनाचं टोपण काढायच्या आणि वही सरसावून बसायच्या. हे वाक्य म्हणताना तुम्हाआम्हाला घाम फुटतो. काकू मात्र ते 'चहात साखर कमी' म्हणावं इतक्या सहज म्हणत.

दिल्लीतल्या द्वारकेत मेट्रोचे खांब उभे राहत होते तेव्हापासून त्या आमच्या सोसायटीत राहत होत्या. वस्त्रोद्योगाचा डिप्लोमा आणि हातमाग खात्यात केंद्र सरकारची नोकरी. महिन्यातून दोनदा पानिपतला जाऊन माग पाहून यायच्या. मी गुडगावच्या एका कंपनीत होतो. फिजिक्स शिकलेलो, म्हणून हौसेनं रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये क्वांटम कॉम्प्युटिंगचा वर्ग सुरू केला. एक दंतवैद्य आल्या. लक्ष्मीबाई नगरात राहून, तत्त्वज्ञान विषय घेऊन यूपीएससी देणारा लातूरचा एकजण आला. आणि काकू आल्या.

पहिल्याच दिवशी मी त्यांना म्हणालो, आधी अकरावी-बारावीचं गणित करून या. खरं सांगतो, त्या परत येऊ नयेत म्हणूनच म्हणालो होतो. जिन्यात मला 'अरे-तुरे' करणाऱ्या काकू म्हणाल्या, "अच्छा सर," आणि गेल्या.

अडीच महिन्यांनी परतल्या त्या चार भरलेल्या वह्या घेऊन. तीन उदाहरणं सुटली नव्हती, त्यांना लाल खूण होती. त्यांतलं एक मलाही सुटलं नाही. त्या दिवशी घरी जाताना मला स्वतःची फार लाज वाटली.

एवढा खटाटोप कशासाठी, हे त्यांनी नंतर सांगितलं. मुलगी जर्मनीत याच विषयात पीएचडी करत होती. फोनवर 'जेवलीस का' आणि 'थंडी किती आहे' झालं की दोघी गप्प. काकूंनी कामाचं विचारलं की ती म्हणे, "आई, राहू दे, तुला नाही कळणार." काकूंना तिचा राग नव्हता. त्यांना फक्त विचारायला तिसरा प्रश्न हवा होता.

एका रविवारी मी मॅट्रिक्सचे गुणाकार शिकवत होतो. क्रम बदलला की उत्तर बदलतं, हे दंतवैद्यबाईंना काही केल्या पटेना. आकडे तर तेच आहेत ना, म्हणत होत्या. मी फळा दोनदा पुसला. लातूरकर तत्त्वज्ञानातून समजवायला लागला, तेव्हा गोंधळ आणखी वाढला.

मग काकू बोलल्या. "पानिपतला बघते ना मी, सूत आधी वेगवेगळं रंगवलं आणि मग विणलं, तर पट्टे येतात. आधी विणून मग रंगात बुडवलं, तर सगळं कापड एकाच रंगाचं. कामं दोनच. क्रम बदलला."

दंतवैद्यबाईंनी वहीत चक्क पट्टे काढले. पुढे वर्गात येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच उदाहरण दिलं. पहिल्यांदा काकूंचं नाव न घेता दिलं, तर त्यांनी मागून टोकलं, "सर, पानिपत म्हणा."

हिवाळ्यात एकदा वर्ग चालू असताना त्यांचा फोन वाजला. मुलीचा होता. त्या व्हरांड्यात गेल्या. मुलगी प्रयोगातल्या चुका कशा दुरुस्त करते, असं काहीसं त्यांनी विचारलेलं मला ऐकू आलं. मग काकू नुसत्या ऐकत राहिल्या. आम्ही वर्ग संपवला, खुर्च्या लावल्या, तरी त्या उन्हात उभ्याच होत्या. आत आल्या तेव्हा डोळे लाल झाले होते. म्हणाल्या, "निम्मं कळलं नाही. पण बोलली."

निवृत्तीनंतर त्यांनी मिरजेला जायचं ठरवलं. निजामुद्दीन स्टेशनवर आम्ही तिघंही सोडायला गेलो. गाडी सुटायला दहा मिनिटं असताना त्यांनी खिडकीतून वही दाखवली, तीत एक क्वांटम सर्किट काढलं होतं. मी तपासलं आणि म्हणालो, तिसऱ्या पायरीवर चूक आहे. कुठली, ते सांगणार तोच त्यांनी हातानंच थांबवलं आणि वही मांडीवर घेतली.

गाडी हलली. आम्ही फलाटावरून हात हलवत राहिलो. काकूंनी वर पाहिलंच नाही. त्या खोडत होत्या.