सातव्या सीटवरचा आइसबॉक्स

गाडीत जागा नाही असं सांगून मी माझ्या सासऱ्यांना घरी ठेवलं होतं.

जागा होती.

सात सीटची गाडी. मी, वर्षा, आमची दोन पोरं, साडू आणि मेव्हणी. मोजा. सहा.

सातव्या सीटवर आइसबॉक्स होता.

आज मामांना, म्हणजे सासऱ्यांना, जाऊन वर्ष झालं. सकाळपासून फॅमिली ग्रुपवर हात जोडलेले इमोजी पडतायत. 'तुमच्यासारखा जावई मिळायला भाग्य लागतं' असंही एकाने टाकलंय. ते वाचून स्वतःची शिसारी आली, म्हणून लिहायला बसलो.

मामा मूळ जासईचे. बस डेपोत कंट्रोलर होते. अख्खी नोकरी गाड्यांचं टाइमटेबल लावण्यात गेली. मामी गेल्यावर आमच्याकडे ऐरोलीला राहायला आले आणि पोरांच्या सुट्टीचा चार्ज घेतला.

थीम पार्कचा त्यांचा प्लॅन वहीच्या एका पानात मावायचा. राइड तीन. चौथी नाही. प्रत्येक राइडनंतर सावलीत बसायचं. दुपारी पोरांनी मांडीवर झोपायचं. चारला गेटच्या बाहेर.

आणि आदल्या दिवशी दोघांना किचनच्या चौकटीला उभं करून पेन्सिलीने उंचीची खूण करायची. पार्कात राइडला उंची लागते ना.

"तिकडं लायनीत उभा करून पोराला नाय बोलन्यापेक्षा, इकडंच सांगावं."

मी वैतागायचो. एका जुन्या मालवाहू ट्रेलरवर धंदा सुरू केलेला माणूस मी. उभी गाडी दिसली की मला बुडालेलं भाडं दिसतं.

"मामा, एवढी तिकिटं काढून तीनच राइड?"

"जावई, शेवटच्या स्टॉपला बस धा मिनटं उभी करतात. कशाला? डायवरला चाय, इंजिनाला हवा. पोरांना नको काय?"

गेल्या वर्षी मे महिन्यात मी म्हटलं, बास. या वेळी प्लॅनिंग माझं.

रील्स बघितले. एक्सेल शीट केली. एका दिवसात सतरा राइड. टॉयलेटला चार मिनिटं.

चार मिनिटं! सहा वर्षांच्या पोराला!

ती शीट अजून लॅपटॉपवर आहे.

त्या शीटमध्ये मामा बसत नव्हते. सावकाश चालणार, दिसेल त्या बाकावर टेकणार, कुणाशीही गप्पा मारणार.

"मामा, गाडी फुल झाली हो. पुढच्या वेळी नक्की."

"चालंल की," म्हणाले आणि उरलेला चहा संपवला.

सकाळी मी दाराशी बूट घालत होतो. माझे कान तिखट आहेत, धंद्यात त्यांच्यावरच तरलोय. आतून ओमचा, म्हणजे माझ्या धाकट्याचा आवाज आला.

"आजोबा, तुम्ही का नाही येत?"

"गुडघा दुखतो रं राजा. मीच नको बोललो तुझ्या पप्पाला."

त्यांचा गुडघा ठणठणीत होता. रोज पहाटे खाडीपर्यंत चालून यायचे.

मी ऐकलं.

आणि लेस बांधली.

मामा सोडायला खाली आले. मागचं दार उघडं होतं. सातवी सीट त्यांना दिसली. पोरं चढताना आइसबॉक्स हलत होता.

त्यांनी वाकून त्याला सीटबेल्ट लावला.

मग दार लोटलं, गाडीच्या टपावर दोनदा थाप मारली. डबल बेल. जाऊ द्या.

पुढचं काय सांगू. सहाव्या राइडला पोरं रडकुंडीला आली. मी शीट बघून "चला, चला" करत होतो, गुरं हाकल्यासारखा. ज्या मोठ्या राइडसाठी ओम महिनाभर नाचत होता, तिथे पाऊण तास रांग. पुढे उंचीची पट्टी. ओम दोन बोटं कमी.

मी पोराच्या कानात म्हटलं, "टाचा वर कर."

बाप आहे मी त्याचा.

राइडवरची मुलगी शांतपणे म्हणाली, "सर, टाचा खाली." मी तिच्यावर ओरडलो. माझी ओळख कुठपर्यंत आहे ते सांगितलं. रांगेतले लोक मोबाइल काढून बघत होते. ओमने माझा हात सोडला आणि भोंगा पसरला.

येताना पनवेलच्या अलीकडे त्याला उलटी झाली.

आइसबॉक्समध्ये.

घरी पोचलो तर मामा दारात. ओमला उचललं, तोंड धुतलं, भात भरवला. मला एकच विचारलं, "उंची मोजली व्हती काय?"

मी बुटांची लेस सोडू लागलो.

आइसबॉक्स मामांनी घासून धुतला. मी सोफ्यावर पडलो होतो. नळाचा आवाज ऐकत होतो.

तीन आठवड्यांनी सकाळचं चालून आले, चपला काढायला स्टुलावर बसले आणि तिथेच गेले.

'पुढच्या वेळी' राहिलं.

येत्या रविवारी पोरांना परत त्याच पार्कला नेतोय. काल दोघांना चौकटीला उभं केलं. मामांच्या पेन्सिलीच्या खुणा तिथेच आहेत. गेल्या वर्षीची खूण नाही.

ओम चौकटीला पाठ लावून म्हणाला, "पप्पा, आजोबांचा गुडघा दुखत नसता तर ते आले असते ना?"

पेन्सिल त्याच्या डोक्यावर तशीच धरून मी उभा.

"त्यांचा गुडघा दुखत नव्हता, ओम. मी त्यांना नेलं नाही. गाडीत जागा होती."

तो वळला. माझ्याकडे बघत राहिला. मग किचनमध्ये आईकडे गेला.

वर्षा ओट्याशी होती. तिला तोंड कसं दाखवू, कळेना.

ती वळली नाही. एवढंच म्हणाली,

"डिकीत मावत होता तो आइसबॉक्स. सीटवर मी ठेवला."

रविवारी तीन राइड. चारला गेटच्या बाहेर.

मामा, श्रद्धांजली लिहायचं तोंड नाही मला. पाया पडतो.

सावकाश जा. या वेळी कुणी घाई करत नाही.