ओ देऊ नको

माझे बाबा मिसरूड फुटायच्या आत पलटणीत भरती झाले आणि ब्रह्मदेशाच्या जंगलात लढून आले. ते परतल्यावर वर्षभरानं माझा जन्म झाला, त्यामुळे त्यांचं शिपाईपण मी पाहिलं नाही. चिचगडच्या बाजूला आमची धानाची शेती होती. लढाईचं कोणी विचारलं की ते म्हणायचे, "लगित पानी पडे तिकडं, थांबेच नाई," आणि उठून बैलांकडे जायचे.

मी दहा-अकरा वर्षांची असताना, चैत्रात, आम्ही तिघं मोहफुलं वेचायला जंगलात गेलो होतो. झाडाखालचा पाला आदल्या दिवशी जाळलेला, त्यामुळे काळ्या जमिनीवर पिवळी फुलं स्पष्ट दिसत होती. माय नाल्यापलीकडच्या झाडाकडे गेली. बाबा आणि मी इकडेच वेचत होतो. ऊन नुकतंच फांद्यांतून खाली उतरलं होतं.

"ये वं बाई, इकडं ये."

मायचा आवाज होता. मी टोपली ठेवून उठले आणि ओ द्यायला तोंड उघडलं. तेवढ्यात बाबांनी मला ओढून खाली पाडलं. त्यांचा राखेनं भरलेला हात माझ्या तोंडावर घट्ट बसला.

"ओ देऊ नको," ते कानाशी कुजबुजले.

पुन्हा हाक आली. या वेळी जवळून, आणि जराशी लाडीक. माय मला कधीच तसं लाडानं बोलवायची नाही. बाबा जमिनीला चिकटून पडले होते, डोळे समोरच्या झाडीवर. त्यांच्या छातीचे ठोके माझ्या पाठीला लागत होते. नंतर सगळं शांत झालं. फुलं टपटपत राहिली.

थोड्या वेळानं माय आली, ती मात्र आमच्या मागच्या बाजूनं. डोक्यावर भरलेली टोपली.

"असे काऊन पडून राहिले?"

"तू आवाज देल्ली का पोरीले?" बाबांनी विचारलं.

"मी कायले देऊ? मी तं नाल्याच्या वरतं होती."

बाबा उठून बसले. मायनं पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. मग झाडाच्या बुंध्याला टेकून, आमच्याकडे न पाहता, ते बोलू लागले.

पलटणीत आपली बोली बोलणारा त्यांचा एकच सोबती होता. अंधार पडला की समोरच्या झाडीतून दुश्मन हिंदीत हाका मारायचा, "भाई, पानी लाओ." ओ दिली की त्या आवाजावर गोळी यायची. म्हणून कोणीही ओ देऊ नये असा हुकूम होता. पण एकदा हाक आपल्या बोलीत आली.

"सोबती म्हणे, आपल्याकडचा कोनी पडला हाये. मी धरला त्याले. हात सोडवून गेला."

"मंग?" मायनं विचारलं.

"दुसऱ्या दिवशी सांजेले मले हाक आली. त्याच्याच आवाजात. मले घरी ज्या नावानं बोलवत, त्या नावानं."

"तुमी गेले?"

"नाई. रातभर हाका आल्या. पाहाटे बंद झाल्या. तो जिता होता का दुसरंच कोनी होतं, मले अजून ठाव नाई."

मायनं विचारलं, "त्याच्या घरी काय सांगतलं?"

"गोळी लागली न् तिथंच गेला, असं. त्याच्या मायनं माह्या तोंडावरून हात फिरवला."

मायनं अर्धी राहिलेली माझी टोपली उचलून आपल्या टोपलीत रिती केली आणि आम्ही निघालो. पुढं माय, मधे मी, मागं बाबा. वाटेत बाबा सारखं म्हणत होते, "बोलत राय पोरी, काईबी बोल." मी शाळेचं सांगत होते, म्हशीच्या वगाराचं सांगत होते, पण डोळे मायच्या पाठीवर होते. तो आवाज हुबेहूब तिचाच होता. नाल्यावरून आलेली ही आमचीच माय, हे कोणी सांगावं?

गाव दिसू लागलं तशी माय वळली. "पाय उचल वं, भात टाकाचा हाये," ती खेकसली.

तिचं खेकसणं ऐकलं आणि मी पळत जाऊन तिचा पदर धरला.