बाबांनी सांगितलेली ब्रँच

आमच्या शेतात नांगरट झाली की मातीबरोबर जुन्या खापऱ्या वर यायच्या. बाबा धुऱ्यावर, म्हणजे बांधावर बसून त्या धुवायचे आणि मला विचारायचे, "सांग, याच्यात कोन जेवलं असन?" मी काहीबाही सांगायची, मग ते स्वतः सांगत. राजे, भिक्खू, व्यापारी, त्यांचे तांडे, सगळं. ते ग्रामपंचायतीत नळ सोडायचं काम करत. दहावीच्या पुढे त्यांना शिकता आलं नव्हतं. पण विहारात बोलायला उभे राहिले की लहान पोरंसुद्धा चुळबूळ थांबवायची. इतिहासाचं वेड मला त्यांच्यामुळेच लागलं.

त्यामुळे बारावी सायन्स झाल्यावर मी जेव्हा म्हटलं, इतिहास घेऊन बी.ए. करते, तेव्हा मला वाटलं होतं की बाबा खूश होतील. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली.

"कायले?"

"मले आवडते म्हणून. तुमालेबी तर आवडते."

"आवडते म्हणूनच सांगून राह्यलो. आवड घरी ठेव, ते कोनी नेत नाही. पगार भेटन असं घे. कम्प्युटर घे."

आई मध्ये पडली. "पोरगी हुशार हाय. तिले कशातबी भेटन नोकरी."

"कशातबी नाही भेटत," बाबा म्हणाले. "एम.ए. झालेले पोरं पारावर बसून राह्यतात. मी रोज पाह्यतो."

ते खरंच होतं. मी रडले, जेवले नाही, आणि शेवटी पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात कम्प्युटरला गेले. पहिलं वर्ष जड गेलं. पुढे हात बसला. शेवटच्या वर्षी कॉलेजात आलेल्या कंपनीने मला घेतलं. फोनवर सांगितलं तर बाबांनी फोन आईच्या हातात दिला. आई म्हणाली, "चप्पल न घालता गावात सांगाले गेले ते."

मग आमच्या गावात, केनवडात बाबांचा वेगळाच मान सुरू झाला. बारावीचा निकाल लागला की पोरं आमच्या ओट्यावर येत, पोरांचे बाप येत. मानोऱ्याकडच्या तांड्यावरून एक जण मोटरसायकलवर पोरीला मागे बसवून आला होता. बाबा सगळ्यांना तेच सांगायचे, कम्प्युटर घ्या. माझ्याकडे बोट दाखवून सांगायचे.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मुलगी राहायची, माझ्याहून बरीच लहान. आईबाप दोघंही मजुरीला जायचे. तिच्या मनात नर्सिंग होतं. बाबा एक अख्खी संध्याकाळ तिच्या घरी बसले आणि बोलून बोलून त्यांनी तिला कम्प्युटर घ्यायला लावलं. ती अमरावतीला गेली.

ती पास होऊन बाहेर पडली त्या वर्षी तिच्या कॉलेजात कंपन्या आल्याच नाहीत. ती घरी येऊन बसली. त्याच वर्षी माझ्या कंपनीनेही माणसं कमी केली. त्यात मी होते. बाबांना फोन केला. ते म्हणाले, "जेवली का तू?"

मी गावी आले. दुसऱ्या दिवशी आम्ही शेतात होतो. बाबा सोयाबीनच्या ओळीत उभे राहिले आणि माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "म्या तुले चुकीचं सांगतलं का, बेटा?"

"नाही बाबा. इतके वर्षं कमावलं ना मी. घर बांधलं आपन."

"तुले तं भेटलं. तिले?"

म्हटलं, तिलाही मिळेल. ते पुढच्या ओळीला लागले.

काही महिन्यांनी मला दुसरी नोकरी लागली, पगार आधीपेक्षा कमी. बाबांनी ऐकलं, मान हलवली. त्या वर्षीही पोरं ओट्यावर आलीच. बाबा हात जोडून म्हणाले, "मले नोका विचारू. मले नाही समजत त्यातलं." हळूहळू विहारातही ते मागे, दाराजवळ बसू लागले. कोणी म्हटलं, दोन शब्द बोला, तर घसा बसलाय म्हणत.

त्या हिवाळ्यात ते गेले. सकाळी छातीत दुखू लागलं, गाडी वाशिमला पोचायच्या आत सगळं संपलं. मी पुण्याहून आले तेव्हा अंगणात माणसं दाटली होती.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी ती मुलगी सकाळपासून पंगतीत वाढत होती. आता ती रिसोडला एका दुकानात लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देते. सगळे गेल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली.

"ताई, काकायनं आमच्या घरावरून जाणंच बंद केलं होतं. नळ सोडाले जायचे तं मागच्या गल्लीनं जायचे, लांबून."

मला हे माहीत नव्हतं. आईलाही नव्हतं.

"तू रागावली होती का त्यांच्यावर?" मी विचारलं.

"कायले रागावू? मले शिकाले लय आवडलं तिथं." ती पदराशी चाळा करत राहिली. "तेच सांगाचं होतं त्यायले. एक दिवस मी मागच्या गल्लीत जाऊन उभीबी राह्यली होती. त्यायनं मले पाह्यलं अन् परत फिरले."

आई आतून हाक मारत होती, उरलेली भाजी कोणाकडे द्यायची ते विचारत होती.