कासरा सोडलेली मोटरसायकल

सर्व ग्रामस्थ, सोयरे, पाहुणे आणि वाहतूक पोलीस यांना अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, आमच्या घराण्यातल्या एकाही पुरुषाने दारू पिऊन कधी बंडी हाकलेली नाही. बंडी नेहमी बैलांनीच नेली. आणि आमचे बैल, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो, आयुष्यभर निर्व्यसनी राहिले.

आता खुलासा करतो. आमच्या गावात हायस्कूल नव्हतं, म्हणून मला काकांच्या गावी ठेवलं होतं. घाटंजीहून निघालं की डांबरी रस्ता बराच वेळ सोबत करतो, मग बाभळीच्या बनापाशी एक धुळीचा फाटा डावीकडे वळतो आणि वळला की काकांचं गाव. काका आठवडाभर चहाशिवाय कशाला शिवत नसत. पण बाजाराचा दिवस उजाडला की त्यांची चालच बदलायची. अंगात धुतलेला सदरा, डोक्याला तेल, बंडीत दोन रिकामी पोती आणि तोंडावर असा भाव, की जणू जिल्ह्याचा कारभार त्यांच्याच सहीसाठी खोळंबलाय. भाजी, मीठ, मिरची घेऊन झाली की काका देशी दारूच्या दुकानात शिरायचे. आमच्याकडे त्या दुकानाला भट्टीच म्हणतात. तिथून बाहेर पडले की बंडीत चढायचे, दोन्ही बैलांना प्रेमानं हाक मारायचे, कासरा खुंटीला अडकवायचे आणि पोत्यावर आडवे व्हायचे.

बाकीचं काम बैलांचं. समोरून एसटी आली तर ते कडेला व्हायचे. बाभळीच्या बनापाशी न सांगता डावीकडे वळायचे. दिवस कलता कलता बंडी अंगणात येऊन उभी राहायची, आणि काकू आधी बैलांना पाणी दाखवायची, मग काकांना उठवायची. हा क्रम मी वर्षानुवर्षं पाहिला. मला तो इतका साहजिक वाटायचा, की सगळ्याच गावचे काका असेच घरपोच होतात असा माझा समज होता.

काकांवर माझं लहानपण पोसलं गेलं, हे इथं लिहायलाच हवं. बाजारातून आणलेला खारा चिवडा ते झोपेतही छातीशी धरून ठेवत, माझ्यासाठी. आणि गोष्ट सांगताना कुठं थांबायचं, कुठं डोळे मोठे करायचे, हे मी त्यांच्याच ओसरीवर शिकलो. आज चार लोकांत माझं तोंड चालतं, ते त्यांच्या आशीर्वादानं. माझ्या बायकोच्या मते शापानं.

तर अलीकडे काय झालं, की जोडीतला एक बैल म्हातारपणानं गेला. दुसऱ्याला जोडीदार शोधण्यात अर्थ नव्हता. वावरातलं काम भाड्याच्या ट्रॅक्टरनं होऊ लागलं होतं. बंडी गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी राहिली. आणि काकांनी, वयाच्या साठीत, जुनी मोटरसायकल घेतली.

कोरडे असताना काका मोटरसायकल झकास चालवत. मी आता यवतमाळला राहतो; तिथून खास बघायला गेलो होतो. त्यांनी मला मागं बसवून गावाला फेरी मारली, हॉर्न वाजवून कोंबड्या उधळल्या, आणि पारावरच्या म्हाताऱ्यांना हात केला. प्रश्न बाजाराच्या दिवसाचा होता.

"एवढी वर्षं घाटंजीहून घरी येऊन राह्यलो," काका म्हणाले, "एका खेपेले तरी चुकलो का?"

काकू तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमी नोयते येत. बैल येत होते."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"अवं, गाडी पण शिकते हळूहळू," काका म्हणाले.

हसू नका. ही एकट्या काकांची समजूत नव्हती. पिऊन कोण किती सरळ गाडी नेतो, याचं आमच्याकडे कौतुक होतं. "लय झाली होती, पण हँडल हललं नाई त्याचं," हे वाक्य मी लग्नात ऐकलंय, तेरवीत ऐकलंय. एखाद्या पैलवानाचं करावं तसं कौतुक. पडला तर रस्ता खराब. समोरच्याला लागलं तर समोरचा आंधळा. आणि 'मी आज घेतली आहे, गाडी तू चालव' असं म्हणणारा माणूस मी तोवर एकही पाहिला नव्हता. असं म्हणणं म्हणजे भर पंगतीत 'मला जेवता येत नाही' असं कबूल करणं.

मग तो बाजाराचा दिवस आला. काका भट्टीतून निघाले, मोटरसायकल सुरू केली आणि, हे त्यांनी नंतर स्वतः सांगितलं म्हणून कळलं, डांबरी रस्त्यानं नीट आले. अगदी कडेकडेनं. बाभळीचं बन दिसलं. इथं वळायचं काम बैलांचं, ही हातांची आयुष्यभराची सवय. काकांनी कासरा सोडला.

म्हणजे हँडल सोडलं. दोन्ही हात मांडीवर ठेवून ते जरा मागं रेलले.

मोटरसायकल डावीकडे फाट्यावर वळली नाही, उजवीकडे वळणाऱ्या डांबरी रस्त्यावरही नाही. ती सरळ शेजाऱ्याच्या पऱ्हाटीत गेली, कपाशीची झाडं आडवी करत आत शिरली आणि पडली. शेजारी ओरडत धावत आला. काका कपाशीच्या दोन ओळींमधल्या तासात बसले होते, खांद्याला हात लावून, आणि पडलेल्या गाडीला, बैल थांबवताना म्हणतात तसं, म्हणत होते, "हो... हो... हो राजा."

शेजारी शिव्या द्यायच्या तयारीनं आला होता. काकांना असं बसलेलं पाहून तो खाली वाकला. त्यानं त्यांना उचलून घरी आणलं. हासळीचं हाड मोडलं होतं. खांदा बांधून काका खाटेवर पडले आणि पहिल्याच दिवशी त्यांनी या प्रसंगाची गोष्ट करून टाकली. तिच्यात हावभाव होते, आवाज होते, मोटरसायकलचं बोलणंही होतं. भेटायला येणारा प्रत्येकजण पोट धरून हसून जायचा. मी तर दोनदा ऐकली.

काकू एकदाही हसली नाही.

तिसऱ्यांदा गोष्ट सुरू झाली तशी तिनं मला खुणेनं बाहेर बोलावलं आणि शेजाऱ्याच्या वावरात घेऊन गेली. मोडलेल्या पऱ्हाटीतून चाकाची वाट स्पष्ट दिसत होती. ती जिथं संपत होती तिथून पुढं, माणूस आडवा झोपला तर पाय पोचतील एवढ्या अंतरावर, विहीर होती. कठडा नसलेली. काठावर घाणेरी माजलेली, म्हणून रस्त्यावरून दिसत नव्हती.

आम्ही दोघं तिथं उभे राहिलो. काकूनं पदर तोंडाला लावला होता.

"दर बाजाराले मी दारात बसून राह्यतो," ती म्हणाली. आमच्याकडे बायाही कधी कधी असं बोलतात. "बैलाईच्या घुंगराचा आवाज आला का चुलीपाशी जात होतो. आता कोणाचा आवाज आयकू?"

मी म्हणालो, "काकू, त्यांना दारूच सोडायला सांग."

"थे सांगून सांगून माहे केस पांढरे झाले बाबू. थे माह्या हातात नाई." मग विहिरीकडे पाहतच विचारलं, "सूनबाईची स्कूटी चालवाले जड असते का रे?"

सूनबाई म्हणजे माझी बायको. आणि अशा रीतीनं मी, जिल्ह्यातला सर्वांत घाबरट वाहनचालक, ड्रायव्हिंग मास्तर झालो.

गावच्या शाळेमागच्या मैदानावर रविवारी शिकवणी सुरू झाली. मी यवतमाळहून स्कूटी घेऊन जात असे. काकू पदर खोचून आली, गाडीभोवती एक चक्कर मारली, बैल घेताना मारतात तशी, आणि म्हणाली, "थांबते कशानं थे आधी सांग. पळते कशानं थे मंग पाहू."

मी आजवर अनेकांना गाडी चालवताना पाहिलंय. हा प्रश्न आधी विचारणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

पहिला रविवार नुसता ब्रेक दाबण्यात गेला. मी गाडी ढकलायची, तिनं थांबवायची. माझ्या पाठीचा कणा त्या दिवशी जो दुखला तो आजही थंडीत आठवण देतो. पुढं ती दोन्ही पाय जमिनीला घासत चालवू लागली, मग एक पाय, मग एके दिवशी दोन्ही पाय वर, आणि जिभेनं टक् टक् करत तिनं मैदानाला पूर्ण फेरी मारली. मी टाळ्या वाजवल्या. ती भेंडीच्या जुन्या, मोठ्या झाडाला धडकली. उठली, धूळ झटकली आणि म्हणाली, "झाडाले लागलं नाई न?"

काका ओसरीवरून सगळं बघायचे. "बुडीले पंख फुटले," म्हणजे म्हातारीला, असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. खांदा बरा होत होता. मोटरसायकल दुरुस्त होऊन आली होती, पण तिची किल्ली काकूनं कमरेच्या पिशवीत घातली होती आणि त्या पिशवीला हात घालायची हिंमत आमच्या घराण्यात कोणात नाही. काका काळीपिवळी जीपनं बाजाराला जाऊ लागले. येताना मात्र तिथं कोणीतरी गाडी घेऊन भेटायचंच, त्याच भट्टीतून निघालेलं, आणि त्याच्या मागं बसून काका यायचे. म्हणजे धोका होता तोच, फक्त चालवणारा परका. काकू दारातच बसलेली असायची.

लायसन हातात आलं त्या आठवड्यात तिनं जुनी स्कूटी घेतली. पुढच्या बाजाराला काका सकाळीच काळीपिवळीनं गेले. दुपार कलली तशी काकूनं स्कूटी काढली. मी माझ्या मोटरसायकलवर मागं मागं, मंत्र्यामागं असते तशी सुरक्षा व्यवस्था म्हणून. बैलगाड्या आम्हाला ओलांडून गेल्या, हे नमूद करतो. पण ती थांबली नाही. भाजीच्या ओळी, चपलांची दुकानं, भज्यांची कढई मागं टाकत ती थेट भट्टीसमोर जाऊन उभी राहिली.

तिथं कोणाची बाई येत नाही. आली तर रडत येते किंवा भांडत येते. काकू दोन्हीपैकी काही करत नव्हती. स्कूटी स्टँडला लावून, पिशवीतली मेथी निवडत बाकड्यावर बसली. आतला गलका कमी कमी होत गेला. ग्लास लपवायला लागले लोक.

काका बाहेर आले. पाय बऱ्यापैकी जमिनीवर होते. काकूला पाहून ते सावरले.

"तू इथं काहून आली वं?"

"बाजार कराले आलती. झाला बाजार. चाला."

भट्टीच्या भिंतीला एक तिशीतला गडी टेकून उभा होता. त्याची चकचकीत मोटरसायकल शेजारीच होती, किल्ली बोटात गरगर फिरत होती. तो मोठ्यानं म्हणाला, "का काका, आता बुडीच्या मांगं बससान का? बांगड्या बी घेऊन घ्या न मंग बाजारातून!"

सगळे हसले. काकांचा चेहरा पडला. त्यांनी काळीपिवळीच्या स्टँडकडे पाहिलं. मग त्या गड्याच्या गाडीकडे पाहिलं, आणि गडी म्हणाला, "या, मी सोडतो तुमाले. उडवत नेतो." काकांनी खरंच एक पाऊल तिकडे टाकलं.

काकूनं मेथी खाली ठेवली. आवाज चढवला नाही.

"त्या विहिरीपाशी मी उभी राह्यलती," ती म्हणाली. "तुमी सगळ्याईले हसवलं थ्या गोष्टीनं. मले तवापासून झोप नाई. तुमी प्या, नका पिऊ, तुमचं तुमी पाहा. पण मी आता दारात नाई बसत. दर बाजाराले इथं येऊन बसन. तुमी मांगं बसान तं घरी जाऊ, नाई बसान तं इथंच बसून राहू दोघं."

कोणी हसलं नाही. काकांनी काकूची मेथी उचलली, पिशवीत नीट कोंबली, पिशवी गळ्यात अडकवली आणि मागच्या सीटवर बसले. दोन्ही हात कुठं ठेवायचे ते कळेना, म्हणून त्यांनी काकूचा खांदा धरला, भर बाजारात. आमच्या काकांनी काकूला चारचौघांत हात लावलेला मी जन्मात प्रथम पाहिला. माझ्या डोळ्यांत काय आलं ते धुळीमुळे होतं, असं मी तेव्हा सर्वांना सांगितलं.

हे मी लिहितोय तेव्हा काका ओसरीवर आहेत, नवीन गोष्ट रचतायत, तिच्यात मी पोलीस इन्स्पेक्टर आहे म्हणे. ते आहेत, याचं सगळं श्रेय त्या बाईला, जिनं आधी थांबायचं कसं ते विचारलं. एवढे उपकार मानायला मला पुरेशी भाषा नाही, आणि भाषेची कमतरता मला क्वचितच भासते.

तर त्या बाजाराच्या दिवशी काकूनं स्कूटी सुरू केली. वळवताना थोडी डगमगली, आणि भट्टीसमोरची सगळी गर्दी दोन पावलं मागं सरली. भिंतीशी टेकलेल्या गड्याची बोटात फिरणारी किल्ली थांबली होती. तो काकूच्या गाडीकडे पाहत होता, काकांच्या गळ्यातल्या पिशवीकडे पाहत होता. आणि एकदम, सगळ्यांच्या देखत, त्याच्या तोंडून निघून गेलं,

"काकू, माह्या घरवालीले बी शिकवसान का?"