चौऱ्याऐंशी तारा

संशोधन संस्थेच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत मावशींचं टेबल होतं. चिपचं काम करणारा माणूस, मग तो कितीही मोठा प्राध्यापक असो, कधी ना कधी तिथे येऊन अजिजी करून गेलेला असायचाच. कारखान्यातून बनून आलेली चिप म्हणजे करंगळीच्या नखाएवढा मुका तुकडा. तिच्या कडेच्या ठिपक्यांपासून बाहेरच्या चौकटीपर्यंत सोन्याच्या तारा जोडल्या, की मग ती बोलायला लागते. तार केसाच्या चौथाईइतकी बारीक. डोळा मायक्रोस्कोपला, श्वास आवरलेला, उजवा हात यंत्राच्या दांडीवर. एकतीस वर्षं मावशी हेच करत आल्या होत्या. शेजारच्या खोलीत यंत्रं दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांना सगळे ‘सर’ म्हणत, यांना ‘मावशी’. त्यात माया होती, खोटं कशाला बोला. पण सरांना बैठकीला बोलावत आणि मावशींना वाढदिवसाच्या केकला, हेही खरं.

गुरुवारचा चहा मात्र मावशींनी सुरू केला. आठ वर्षांपूर्वी एक संशोधक मुलगी चिप घेऊन आली ती डोळे सुजवूनच. परिषदेत स्वतःच्या कामावर बोलायला गेली, तर एकाने तिला नोंदणीचं टेबल कुठे म्हणून विचारलं, दुसऱ्याने तुमचे मिस्टर कुठल्या विषयात म्हणून. तीनशे माणसांत बायका चार, आणि त्याही चार कोपऱ्यांत. मावशींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, वर दुसऱ्या मजल्यावर एक जण अगदी तुझ्यासारख्याच मेमरीच्या चिपवर काम करते, माहीत आहे का? तिला माहीत नव्हतं. कसं असणार? मजल्यामजल्यांवरच्या बायका एकमेकींना ओळखत नव्हत्या, पण झाडून सगळ्यांच्या चिपा मावशींच्या डोळ्याखालून गेलेल्या. पुढच्या गुरुवारी त्यांनी दोघींना एकाच वेळी बोलावलं. त्यानंतरच्या गुरुवारी पाच जणी आल्या आणि खुर्च्या संपल्या, म्हणून रिकाम्या खोक्यांवर बसल्या. कुणाचा प्रबंध अडलेला, कुणाला बाळंतपणानंतर जागा परत मिळेना, कुणाच्या चिपवर भलत्याचंच नाव लागलेलं. मावशी एका वहीत लिहीत गेल्या: कोण, कुठली चिप, कुठलं साल. वहीत एकशे सदतीस नावं झाली.

त्यांची थोरली बहीण शिवणकाम करायची. दोघी एकत्रच राहायच्या. ताई म्हणायची, “एवढ्या ओळखी जुळवल्यास, लग्नं जमवायचं दुकान काढलं असतंस तर निदान पाटी तरी लागली असती.”

पुढे त्या चहाचं मंडळ झालं. मोठ्या मॅडम अध्यक्ष झाल्या. त्या संस्थेतल्या पहिल्या बाई प्राध्यापक. मंडळाची वेबसाइट निघाली, वार्षिक मेळावा ठरला, आणि दर्शनी भिंतीवर हार्डवेअर संशोधनातल्या बायकांचे फोटो लावायचं ठरलं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील असे. माहिती मावशींच्या वहीतूनच उतरवली. मावशींनी स्वतःचाही फॉर्म भरला. ‘प्रसिद्ध झालेले लेख’ या रकान्यात लिहायला काही नव्हतं, तो कोरा सोडला. अर्ज अपूर्ण म्हणून परत आला. आपलंच काही चुकलं असेल म्हणून त्यांनी पुन्हा भरला. पुन्हा परत.

शेवटी त्या मॅडमच्या खोलीत गेल्या. मॅडमनी त्यांना बसवलं, पाणी दिलं.

“मावशी, रागावू नका. आम्हाला आधीच म्हणतात, या बायका म्हणजे मदतनीस. उद्या भिंतीवर तंत्रज्ञ लावले तर म्हणतील, बघा, आकडा फुगवलाय. मला संशोधक म्हणवून घ्यायला वीस वर्षं लागली.”

मॅडम खोटं बोलत असत्या तर भांडता आलं असतं.

“तुमची जागा आमच्या मनात आहे,” मॅडम म्हणाल्या.

“मनातलं कुणाला दिसतं, मॅडम?”

मॅडमनी चष्मा लावला आणि समोरचे कागद सारखे करायला घेतले.

याच सुमारास मावशींचा उजवा हात थरथरायला लागला होता. आधी कपबशी वाजायची, मग सही वाकडी यायला लागली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की हे वाढत जाणार, गोळ्यांनी थोडंफार आवरेल. ताईखेरीज कुणाला त्यांनी कळू दिलं नाही. हाताखाली कुणी द्या, शिकवून ठेवते, असा अर्ज त्यांनी तीनदा केला होता. तिन्ही वेळा एकच उत्तर आलं, जागा मंजूर नाही. आता हात गेला तर आपल्याकडे उरतं काय, हाच विचार सारखा मनात यायचा.

आणि नेमकी तेव्हा एक मुलगी चिपा घेऊन आली, जाड भिंगांची, मावशी तिला चष्मेवालीच म्हणत. ही प्रबंधाच्या शेवटच्या वर्षातली, मेळाव्यात मुख्य भाषण हिचंच. कारखान्यातून पाच चिपा आल्या, त्यातल्या तीन मेलेल्याच. उरल्या दोन, प्रत्येकीला चौऱ्याऐंशी तारा. मावशींनी पहिली घेतली. साठ तारा नीट बसल्या. एकसष्टाव्या तारेला हात हलला, सुई चिपवरून फरफटत गेली, आणि मायक्रोस्कोपखाली शेतातून नांगर जावा तसा ओरखडा दिसला.

चष्मेवाली दुपारी आली तेव्हा मावशींनी आडपडदा ठेवला नाही. “एक चिप गेली. माझा हात थरथरतो. दोन महिने झाले, मी सांगितलं नाही.”

मुलगी खोक्यावर बसली. म्हणाली, “आधी का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं तर तू चिप बाहेर पाठवली असतीस. मग मी इथे कशाला?”

ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं मावशींना वाटत राहिलं.

बाहेर पाठवायचं तर चार महिने लागणार होते आणि मेळावा महिन्यावर आलेला. दुसऱ्या दिवशी मावशींनी तिला आपल्या खुर्चीवर बसवलं आणि मेलेल्या चिपांवर शिकवायला घेतलं. मुलीचा हात जड. तार तुटायची, चिकटायची, भलत्याच ठिपक्यावर जाऊन बसायची. “श्वास सोडताना दाब, धरून ठेवून नाही,” हे त्यांनी किती वेळा सांगितलं असेल. स्वतः करून दाखवावं तर ती सोय नव्हती. एकदा वैतागून त्यांनी टेबलावर हात आपटला, तेव्हा मात्र दोघीही रडल्या. तीन आठवड्यांनी शेवटची चिप घेतली. दोन दुपारी गेल्या. पाच तारा काही केल्या बसल्या नाहीत. चिपचा अर्धा भाग बोलला, अर्धा मुकाच राहिला. चष्मेवालीने मेळाव्यात अर्ध्याच निकालावर भाषण केलं. लोकांनी बेताच्या टाळ्या वाजवल्या.

लेख लिहिताना तिने मावशींचं नाव आपल्या नावाखाली घातलं. तिच्या मार्गदर्शकांनी ते काढून शेवटच्या पानावर नेलं, आभारांत, वातानुकूलन बघणाऱ्या विभागाच्या खाली. ती दोन वेळा भांडली. प्रबंधावर सही त्यांचीच व्हायची होती. तिसऱ्या वेळी मान खाली घालून ती मावशींकडे आली.

“सही होऊ दे आधी,” मावशी म्हणाल्या. घरी गेल्यावर दोन दिवस त्यांना अन्न गेलं नाही.

हाताची गोष्ट लपून राहणार नव्हतीच. मावशींना भांडारात बसवलं, आल्यागेल्या सामानाची नोंद करायला. यंत्रावर प्लॅस्टिक टाकलं, चिपा बाहेर जायला लागल्या. मंडळाचा चहा वरच्या सभागृहात मंगळवारी होऊ लागला. त्याचं बोलावणं ईमेलने जायचं, आणि त्या यादीत भांडार नव्हतं. दर्शनी भिंतीवर चव्वेचाळीस फोटो लागले. त्यातल्या एकेकीची चिप मावशींना आठवायची. कामावर येताना त्या मागच्या दाराने यायला लागल्या.

“कुढत बसू नकोस,” ताई म्हणाली. “तारा जोडणारी तू एकटीच आहेस का जगात?”

किती आहेत हे मावशींना खरोखरच माहीत नव्हतं. एकतीस वर्षांत हा प्रश्न त्यांना पडला नव्हता. रविवारी त्यांनी इतर संस्थांचे पत्ते काढले. अक्षर लागेना इतकी लेखणी हलत होती, म्हणून त्यांनी सांगायचं आणि ताईने लिहायचं. नऊ पत्रं गेली: तुमच्याकडे तारा कोण जोडतं, त्यांचं नाव आम्हाला वहीत लिहायचं आहे. पाचांचं उत्तरच आलं नाही. एक संस्था बंद पडली होती. एका संस्थेत यंत्र होतं, माणूस नव्हता. एका बाईच्या मुलीने कळवलं की आई गेल्या वर्षी वारली, तिचं काम काय होतं ते आम्हाला कधी नीट कळलंच नाही. ते पत्र मावशींनी बाजूला ठेवलं.

नवव्या पत्राचं उत्तर दोन ओळींचं होतं. आम्ही इथे दोघी आहोत, बावीस आणि अठरा वर्षं झाली. तुमचा फॉर्म कुठे मिळेल आणि त्याला काय काय जोडावं लागतं?

ताईने कागद पुढे ओढला. “काय लिहू?”

“लिही, फॉर्म नाही,” मावशी म्हणाल्या. “म्हणावं नाव लिहा, आणि हाताने काय काय केलंत ते लिहा. कितीही पानं झाली तरी चालतील.”